जवळचं छाटायचं, लांबचं ऐकायचं

१२ नोव्हेंबर, मंगळवार

पोचलो एकदाचे! बालाघाटला उतरून जीपमध्ये बसल्यापासून श्रियाची टकळी जी सुरू झाली, ती बिरसा मागे पडून जंगलातली कच्ची वाट लागली तरी थांबेना. हे झाड कोणतं, ती बाई डोक्यावर काय घेऊन चालली, वाघ आला तर आधी कुणाला खाईल. चैतराम जीप चालवत होता. आमच्या रेडिओ वेधशाळेचा तंत्रज्ञ, पहारेकरी, ड्रायव्हर, सगळं तोच. शेवटी तो म्हणाला की मॅडम, हिले पाहून वाघच पळून जाईन. सहा वर्षांची आहे माझी पोरगी, पण तोंडाला कुलूप म्हणून नाही. कुशल म्हणतो, आईवर गेली. गेली असेल बाप्पा.

क्वार्टर झकास आहे. दोन खोल्या, स्वयंपाकघर, पुढे अंगण, मागे सागाची झाडं आणि एक जुनी विहीर. विहिरीला कठडा नाही, हे पाहून मी आधी पोरीचा हात धरला. चैतरामने लगेच वर फळ्या टाकल्या. फळ्यांमध्ये हाताएवढी फट आहे, त्यातून श्रियाने खडा टाकला. बराच वेळ काही नाही आणि मग डुबुक! ही एवढी हसली की पोट धरून खाली बसली. मग खडेच खडे. पायात आजीने दिलेले पैंजण, सारखी छुमछुम, आणि वरून डुबुक. मी हात टेकले.

मोबाइल फाटकावरच कुलूपबंद पेटीत ठेवावा लागला. अँटेनांच्या आसपास मोबाइल नाही, मायक्रोवेव्ह नाही. जीपसुद्धा डिझेलची, कारण पेट्रोलच्या गाडीचा स्पार्क प्लगदेखील आमच्या यंत्रांना ठणाणा ऐकू येतो. फोन फक्त ऑफिसात, तारेचा. म्हणून ही वही. एरवी दिवसभराचं मी कुशलच्या कानात ओतते. तो पुण्यात नोकरीला चिकटून आहे. माझी नेमणूक दोन वर्षांची. काहीतरी ठोस हाती लागलं तर पुण्यात कायमची जागा, आणि आम्ही तिघं एका घरात. त्यासाठीच हा उपद्व्याप.

माझं लहानपण तिरोडीत गेलं, त्यामुळे इकडची बोली कानावर पडली की माहेरी आल्यासारखं वाटतं. आणि काय शांत आहे इथे! एक पाखरू ओरडत नाही. झोप मस्त लागणार.

१६ नोव्हेंबर, शनिवार

कामाला जुंपले. आमचे प्रमुख मुकुंद सर साठीला टेकलेले, एकटेच राहतात, सदा खोकत असतात आणि खोकता खोकता विनोद करतात. माणूस गोड आहे.

आमचं काम आईला फोनवर समजावलं तसंच इथे लिहिते, म्हणजे म्हातारपणी वाचून मलाही समजेल. मोठ्या दीर्घिकेच्या, म्हणजे अब्जावधी ताऱ्यांच्या घोळक्याच्या, मधोमध एक राक्षसी कृष्णविवर असतं. काहींच्या विवरात वायू गरगरत पडत असतो, तेव्हा दीर्घिकेचा गाभा पेटून उठतो. अशा थोड्या दीर्घिका रेडिओ लहरींत अक्षरशः बोंबलतात, लांबलचक झोत फेकतात. बाकीच्या नुसत्या कुजबुजतात. ही कुजबुज नेमकी येते कुठून, हे कुणालाच धड माहीत नाही. छोटासा झोत असेल, किंवा बाहेर सुटलेला वारा आजूबाजूच्या वायूवर आपटत असेल, किंवा नवे तारे जन्मत असतील, किंवा विवराच्या अगदी तोंडाशी तापलेला वायूचा किरीट असेल. चार संशयित. कुजबुज दिवसादिवसात कमीजास्त झाली, तर ती इवल्याशा जागेतून येते आहे, म्हणजे विवराच्या तोंडापासून. आमच्या यादीतली बारा नंबरची दीर्घिका तशी वाटते. चोवीस कोटी प्रकाशवर्षांवर आहे बिचारी.

श्रियाने सरांना विचारलं की भोक बोलतं का. सर तिला घेऊन विहिरीवर गेले आणि म्हणाले की विहीर कधी बोलत नाही, तिच्यात पडणारा खडा बोलतो. भोकाचंही तसंच. जे आत पडतं ना, त्याचा आवाज आपल्याला येतो. पोरीने मान डोलावली आणि आणखी मूठभर खडे टाकले.

इथली मुख्य कटकट म्हणजे छाटणी. लांबून आलेली लहर आमच्या सगळ्या अँटेनांवर सपाट येते, जवळची गोलाकार येते. तळ्यात दगड पडला तर शेजारी गोल तरंग दिसतात आणि पार पलीकडच्या काठाला सरळ, तसं. गोल दिसलं की ते इथलंच काहीतरी, कुठलीतरी ठिणगी, कुठलीतरी सैल तार. ते छाटायचं. छाटून झालं की कच्चा डेटा पुसायचा, कारण डिस्क पुरत नाहीत. स्वच्छ तेवढा ठेवायचा. सरांचं ब्रीदवाक्य भिंतीवर खडूने लिहिलंय. जवळचं छाटायचं, लांबचं ऐकायचं.

२२ नोव्हेंबर, शुक्रवार

स्वयंपाकाला शेवंताबाई येतात. पलीकडच्या वस्तीवरच्या. लाखोळीची डाळ अशी करतात की श्रियासुद्धा जेवताना गप्प बसते, आणि हा चमत्कार आहे. पोळ्या लाटताना सारखं काहीतरी गुणगुणतात. आवाज भरदार, थोडा घोगरा. सहा डिसेंबरला, बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाण दिनी, वस्तीत सभा असते आणि भीमगीतं यांनीच उचलायची, असं वर्षानुवर्षं चालत आलंय. त्याची तयारी. माझ्या पोरीला त्या म्हणतात की तू सकाळपासून बोलूनच राह्यली, तुयं तोंड दुखत नाही काय वो. श्रिया म्हणते, हौ, दुखते. आणि पुढे सुरू.

आज गंमत झाली. बारा नंबरच्या डेटात एक गोल लहर आली, दर थोड्या वेळाने धक्का मारल्यासारखी. सरांनी मौज म्हणून एक जुना स्पीकर यंत्राला जोडून ठेवलाय. त्यावर लावलं तर भुंकणं! चैतरामचा कुत्रा, भुऱ्या, वानरांवर भुंकत होता. रेडिओ लहर म्हणजे आवाज नव्हे, हे मी शंभरदा मुलांना शिकवलंय, पण सैल केबल हादरली की माइकसारखी वागते, हेही तितकंच खरं. चैतरामला केबल घट्ट करायला सांगितली, भुंकणं छाटलं, कच्चा डेटा पुसला. बारा नंबरचा आलेख लगेच काय सुंदर दिसायला लागला!

२८ नोव्हेंबर, गुरुवार

भुऱ्या भुंकत नाही. तोंड उघडतो, मान वर करतो, छाती हलते, आवाज नाही. चैतराम म्हणतो की वानराने गळा दाबला असन. श्रियाने त्याला दूधपोळी दिली आणि कानात सांगितलं की औषध घे बाळा, बोलशील.

बारा नंबर उजळतोय. दिवसागणिक कमीजास्त होतोय. म्हणजे चौथा संशयित, किरीट! सर खुर्चीतून उठून नाचले, खरंच नाचले, आणि मग खोकत खाली बसले. डिसेंबरच्या मध्यापर्यंत शोधनिबंध पाठवू म्हणतात. मी कुशलला फोनवर म्हटलं, पुण्यात मोठं घर बघायला लाग. नवऱ्याला धीर कसा तो नाही, म्हणे आधी निबंध छापून येऊ दे.

४ डिसेंबर, बुधवार

छाटणीचा ढीग साचला होता, बसून उपसला. मलाजखंडच्या खाणीत दुपारी सुरुंग उडतो, त्याचा धमाका इथवर येतो, तो गोल लहरीत दिसला. छाटला. शेवंताबाईंचं गुणगुणणं तिसऱ्या अँटेनाच्या केबलमधून आलं होतं, त्या तिथेच सरपण वेचतात. स्पीकरवर लावून त्यांना ऐकवलं. लाजून पदर तोंडाला लावला त्यांनी. म्हणाल्या की बाप्पा, माया आवाज असा हाय काय. मग तेही छाटलं.

सरांनी आपला खोकला स्वतःच छाटला. म्हणाले, एवढं तरी पुण्य.

७ डिसेंबर, शनिवार

वाईट झालं. काल वस्तीत सभेला शेवंताबाई उभ्या राहिल्या, तोंड उघडलं आणि गाणं आलंच नाही. बोलता येतं. शब्द सांगता येतात. पण सूर लावला की नुसता वारा. चारशे माणसं समोर बसलेली. शेवटी एका पोरीने गाणं उचललं आणि या खाली बसल्या. आज पोळ्या लाटताना गप्प होत्या. मी विचारलं तर म्हणाल्या की गानं निघूनच नाही राह्यलं मॅडम, आतमंदी हाय, निघून नाही राह्यलं. आणि रडल्या. थंडीने घसा बसतो, म्हटलं. गुळण्या करा, म्हटलं.

११ डिसेंबर, बुधवार

सरांचा खोकला थांबला. ते खूश. पण मी नीट पाहिलं. छाती हलते, डोळ्यात पाणी येतं, हात तोंडाकडे जातो. खोकला तसाच आहे. ऐकू येत नाही एवढंच.

दुपारी स्वयंपाकघरात उभी होते. फळीवरची भांडी थरथरली, खिडकीची काच हादरली, विहिरीकडच्या सागावरून धूळ गळली. सुरुंग. आवाज काही आला नाही. शेवंताबाईंकडे बघितलं तर त्या माझ्याकडेच बघत होत्या.

त्या म्हणाल्या की पहिले इथं लय मोर होते. सकाळी झोपू देत नसत. हे यंत्र आलं अन् मोर मुके झाले. अजून दिसतात, म्हणाल्या, पण वरडत नाहीत. रातकिडेबी नाही. मला पहिल्याच दिवशी किती आवडली होती ही शांतता!

सरांशी बोलले. ते हसले, बिनआवाजाचं खोकले, आणि म्हणाले की प्रमोदिनी, तू दमली आहेस. डेटा छाटल्याने कुत्र्याचा गळा बसत असेल तर उद्या मी वीजबिल छाटून बघतो. मलाही हसू आलं. खरंच, मी शिकलेली बाई ना?

१४ डिसेंबर, शनिवार

निबंध परवा पाठवायचा. बारा नंबरचा शेवटचा तुकडा तेवढा राहिला होता. त्यात गोल लहर, बारीक, उंच, अखंड. स्पीकर लावायची गरज नव्हती, तरी लावला. श्रिया. तिसऱ्या अँटेनापाशी खेळत होती, बे एके बे म्हणत, मध्येच स्वतःच्याच कशावर तरी हसत, पैंजण छुमछुम.

बोट बटणावर ठेवून बसून राहिले. मनात आलं ते लिहायलाही लाज वाटते. भुऱ्या. शेवंताबाई. मग स्वतःला झापलं की बाई, तू भुताखेतांची नाहीस. हा तुकडा टाकला नाही तर आलेख अपुरा, निबंध अपुरा, पुणं गेलं. आणि हे सगळं पोरीसाठीच तर आहे.

छाटलं. कच्चा डेटा पुसला. घरी पळत आले. श्रिया भात कालवत शेवंताबाईंना माकडाची गोष्ट सांगत होती. जीव भांड्यात पडला. मी तिचे इतके मुके घेतले की ती वैतागली.

१५ डिसेंबर, रविवार

सकाळी ती माझ्या गालावर थापटत होती. डोळे उघडले. ओठ हलत होते. आई म्हणत होती. आई, आई, आई.

आवाज नव्हता.

उडी मारून खाली उतरली, दाणदाण पाय आपटले. पैंजणही वाजले नाहीत.

१८ डिसेंबर, बुधवार

बालाघाटला दोन डॉक्टर झाले. घसा ठीक. स्वरतंतू ठीक. धक्का बसलाय का, विचारतात. मी काय सांगू? माझ्या बोटाने झालं म्हणून?

ती रडते तेव्हा कळतही नाही. मी भांडी घासत होते आणि मागे ती किती वेळ रडत उभी होती कोण जाणे. आता काही हवं असलं की येऊन गालावर थापटते.

कच्चा डेटा परत मिळवायला बघितलं. पुसलेलं पुसलं. सरांपुढे ओरडले, अँटेनांकडून येणारी मुख्य वायर उपटली. सरांनी अडवलं नाही. भिंतीवरचं वाक्य मी ओल्या फडक्याने पुसून टाकलं. खडूचा डाग राहिलाच.

निबंध गेला नाही. जाणार नाही.

२० डिसेंबर, शुक्रवार

स्वच्छ डेटा तरी आहे. वाटलं, छाटताना काही कण राहिले असतील. बारा नंबरचा सगळा स्वच्छ डेटा, वेग बदलून, स्पीकरवर लावला. छाटलेलं नाही, नीट लिहिते, हे छाटून उरलेलं. सपाट लहर. लांबची. दीर्घिकेची.

आधी खूप मोर. मग भुऱ्या भुंकला. मग धमाका. शेवंताबाईंचं गाणं, संपूर्ण, भरदार. सरांचा खोकला. आणि मग बे एके बे, बे दुणे चार, आणि तिचं हसू.

माझी पोरगी हसत होती हो, त्या स्पीकरमधून. मी त्याला कवटाळून बसले.

मग तारीख पाहिली. तीन ऑक्टोबरची नोंद.

तीन ऑक्टोबरला आम्ही पुण्यात होतो. या जागेचं नावही मी ऐकलेलं नव्हतं.

आणि ऑक्टोबर तरी कशाला? लहर चोवीस कोटी वर्षांपूर्वी निघाली. तेव्हा माणूस नव्हता. माझ्या पोरीचं हसू तेव्हाच त्या भोकात पडलं होतं, आणि तेव्हापासून चालत, चालत इथे येत होतं. मी बटण दाबलं नसतं तर? हे कुणाला विचारू? कुठल्या वर्षी जाऊन विचारू?

उजेड किती झपाट्याने बदलतो तेही दिसलं. कुजबुज विवराच्या अगदी तोंडाशी होते. पडणाऱ्याची असते. उत्तर मिळालं. घाला चुलीत.

२१ डिसेंबर, शनिवार

तिच्या हसण्याच्या पुढेही डेटा आहे. ऐकायला नको होतं.

चैतरामची शीळ आहे, तो जीप पुसताना घालतो ती. सरांचं हॅलो, हॅलो, हॅलो. मग एक डुबुक. आणि शेवटी मी. माझाच आवाज, घाबरलेला, हाक मारणारा. श्रि— एवढंच. अर्धं नाव. तिथे तुटतो. त्यापुढे सपाट. काही नाही. कितीही पुढे गेलं तरी काही नाही.

चैतरामला जाऊन सांगितलं, हात जोडले, शीळ घालू नको. तो म्हणाला की मॅडम, तुमी जरा आराम करा, मी तर सहज घालून राह्यलो. आणि ओठांचा चंबू केला.

वारा.

त्याने पुन्हा चंबू केला. पुन्हा. मग माझ्याकडे पाहिलं. असं कुणी माझ्याकडे कधी पाहिलं नव्हतं.

२२ डिसेंबर, रविवार

शेवंताबाई आल्या नाहीत. येणार नाहीत, बरोबरच आहे.

सर गोंदियाच्या दवाखान्यात फोन लावत होते, श्रियासाठीच. हॅलो म्हणाले. हॅलो. हॅलो. तिसरं मी ऐकलं नाही, ओठांवर पाहिलं. फोन ठेवून ते खुर्चीत बसले आणि मुलासारखे रडले. चैतराम त्यांना जीपमधून गोंदियाला घेऊन गेला. मीच म्हटलं, जा, त्यांना एकटं सोडू नका. आमच्यासाठी कुशल येतोच आहे, परवा दुपारपर्यंत.

मी कुशलशी बोलले. सगळं नाही सांगितलं. लवकर ये, एवढंच. त्याने विचारलं की तू सारखं पोरगी, पोरगी काय म्हणतेस, नाव घे की तिचं. मी म्हटलं, झोपली आहे ती.

नाव घ्यायचं नाही. हाक मारायची नाही. मी हाक मारलीच नाही तर ते खरं होणारच नाही. एवढं तरी माझ्या हातात असेल ना? असू दे रे देवा. एवढं असू दे.

२३ डिसेंबर, सोमवार

विहिरीत खडा टाकला की आवाज येत नाही.

ती पालथी पडून फटीला कान लावते, पुन्हा टाकते, पुन्हा कान. मी उचलून आणलं. फळ्यांवर पाटा ओढून ठेवला.

चित्र काढलंय तिने. गोल विहीर, आत काळं, काळ्याच्या तळाशी एक लहानसं तोंड. लाल खडूने. मग स्वतःच्या गळ्याला बोट लावलं आणि विहिरीकडे दाखवलं. सरांनीच तर तिला सांगितलं होतं. पडतं ते बोलतं. तिला वाटतंय, तिचा आवाज तिथे पडलाय.

मी मान हलवली, नाही, नाही. जवळ घेतलं. दाराला कडी लावली, साडीच्या काठाने तिचा हात माझ्या हाताला बांधला.

उद्या कुशल. फक्त उद्यापर्यंत.

२४ डिसेंबर, मंगळवार

सकाळ बरी गेली. मूग-भात जेवली. नवे खडू हवेत अशी खूण करून तिने हात सोडवून घेतला. मी शेजारीच. ऊन खोलीत आलंय. डोळे मिटताहेत. तीन रात्री झोपले नाही, पण मिटणार ना—

झोप लागली.

ती इथे नाही. खुर्ची दाराशी आहे. कडी काढलेली.

पैंजण वाजले असते तर मला जाग—

अंगणात नाही. पुढे नाही. जीपच्या शेडमध्ये नाही. खिडकीतून विहीर दिसते. पाटा बाजूला आहे. एवढासा जीव, कसा ढकलला तिने. एक फळी सरकलेली आहे. लाल खडू पडलाय.

काही पडल्याचा आवाज आला नाही.

येणारही नाही.

आत उतरली असेल तरी ती ओरडू शकत नाही. मी गेले आणि आत दिसलं तर तोंडून— नाही. लिहीत राहते. हात लिहिता आहे तोवर तोंड उघडणार नाही. ती सागाच्या मागे असेल. लपली असेल. आता येईल, गालावर थापटेल. ये ना गं. ये ना.

फळीच्या फटीत काहीतरी हललं. बोटं आहेत. तिची बोटं आहेत, धरून— मी आले, मी आले बाळा, घट्ट धर, श्रि